सुरी कोणाच्या हातीं द्यावी?



अडलेल्या बाळंतिणीची सुटका पोट चिरून करणें ही गोष्ट वैद्यकशास्त्राच्या दृष्टीनें आतां नवलाईची राहिलेली नाहीं. सिझेरियन या नांवानें ती आपणां सर्वांच्या परिचयाची झाली आहे. कुशल हातांना या शस्त्रक्रियेस बहुधा पाऊण तासाहून अधिक वेळ लागत नाहीं. तिचीं हत्यारें एका तबकांत मावतात. आणि ती कशी करावी याविषयीं जगांतील शल्यज्ञांत फारसा मतभेदहि उरलेला नाहीं. असें असतां, २०२३ सालीं गरोदरपणांत, बाळंतपणांत अगर त्यानंतरच्या सहा आठवड्यांत जगांतील सुमारें २ लक्ष ६० हजार स्त्रिया मृत्यु पावल्या, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांपैकीं दर दहांतील सात स्त्रिया सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेंत होत्या.

यांतील प्रत्येक मृत्यु शस्त्रक्रियेच्या अभावीं झाला, असें कोणी समजूं नये. मृत्यूचीं कारणें अनेक आहेत. परंतु ज्यांना शस्त्रक्रिया मिळाली त्यांची तरी गत काय झाली, हें पाहिलें म्हणजे मन थबकतें. आफ्रिकेंतील २२ देशांच्या रुग्णालयांत सिझेरियन झालेल्या ३,६८४ स्त्रियांची हकीकत एका पाहणींत तपासण्यांत आली व तिचा निष्कर्ष २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. त्या ३,६८४ स्त्रियांपैकीं २० दगावल्या. कोणास हा आंकडा लहान वाटेल. पण संपन्न देशांतील प्रमाणाच्या तो सुमारें पन्नासपट आहे. तेव्हां प्रश्न दुहेरी आहे. शस्त्रक्रिया करणारें माणूस बाळंतिणीपर्यंत पोंचलें पाहिजे, आणि पोंचलेल्या माणसाच्या हातून तिचा जीव वांचला पाहिजे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं साधतील असें शिक्षण कोणास द्यावें आणि कसें द्यावें, एवढ्याच विषयापुरतें माझें आजचें भाषण आहे.

शिक्षणाचा मुद्दा मी आधीं मांडतों याला इतिहासाचा आधार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सिझेरियन करणें म्हणजे आईच्या मृत्युपत्रावर सही करण्यासारखेंच होतें. याचें एक मोठें कारण असें कीं, मूल बाहेर काढल्यावर गर्भाशयास टांके घालण्याची वहिवाटच नव्हती. गर्भाशय आपोआप आंवळला जातो, टांक्यांनीं उलट पू धरतो, अशी त्या काळच्या शल्यज्ञांची समजूत होती; आणि बाळंतीण रक्त वाहून अगर जंतुदोषानें मरे. १८७६ सालीं इटलींतील पोरो यानें गर्भाशयच काढून टाकण्याचा कठोर मार्ग अवलंबिला. पुढें १८८२ सालीं लाइप्‌झिग येथील झेंगर या तरुण डॉक्टरानें गर्भाशय नीट शिवण्याची रीत आग्रहानें मांडली, आणि हळूहळू आया वांचूं लागल्या. झेंगरनें कोणतेंहि नवें औषध शोधलें नव्हतें. त्यानें शल्यज्ञाच्या हातास एक नवें वळण लावलें, इतकेंच.

आतां आपण मोझांबिक देशाकडे वळूं. अरबी समुद्र ओलांडून नैर्ऋत्येकडे गेलें म्हणजे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हा लांबट देश लागतो. तो आपणांस अगदींच परका नाहीं. पोर्तुगीज अमलांत १७५२ सालापर्यंत त्या मुलखाचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखालीं चालत असे. पुढें १८४२ सालीं पणजी येथें वैद्यक व शस्त्रक्रिया शिकविणारी शाळा निघाली, तेव्हां तिच्यांतून तयार झालेले गोमंतकीय डॉक्टर मोझांबिकच्या सरकारी दवाखान्यांतून नोकरीस जाऊं लागले. लिस्बनच्या पदवीधरांबरोबरीचें स्थान त्यांना मिळत नसे. तथापि जेथें लिस्बनचे पदवीधर जावयास राजी नसत, तेथें रोग्याच्या उशाशीं बहुधा हाच गोमंतकीय मनुष्य असे. ही आडकथा वाटेल. परंतु कमी मानाची पदवी आणि अधिक गरजेचें काम यांची जी सांगड त्या काळीं पडली, तीच पुढें याच देशांत दुसऱ्या रूपानें पुन्हां पाहावयास मिळते.

२५ जून १९७५ रोजीं मोझांबिक स्वतंत्र झाला. पोर्तुगीज रहिवासी जथ्याजथ्यानें देश सोडून गेले व त्यांच्याबरोबर डॉक्टरहि गेले. सुमारें पांचशें डॉक्टरांपैकीं मागें उरले ते शंभराच्या आंत. त्यांतच १९७७ पासून यादवी पेटली ती १९९२ पर्यंत धुमसत राहिली. खेड्यापाड्यांतील आरोग्यकेंद्रें जाळण्यांत आलीं, रस्त्यांवर सुरुंग पेरले गेले. राजधानी मापुतो ही देशाच्या अगदीं दक्षिण टोंकास. उत्तरेकडील एखाद्या जिल्ह्यांत बाई अडली, तर तिला शल्यज्ञाकडे नेण्यास वाट नाहीं, आणि शल्यज्ञ तिच्याकडे यावा तर शल्यज्ञच नाहीं, असा प्रसंग होता.

वैद्यकीय महाविद्यालयें वाढवावीं, डॉक्टर तयार होण्याची वाट पाहावी, हा राजमार्ग खराच. पण त्या मार्गानें शल्यज्ञ तयार व्हावयास बारा-तेरा वर्षें लागतात, आणि अडलेल्या बाईस तेरा तासांचीहि सवड नसते. त्या वेळीं पास्कोआल मोकुंबी हे आरोग्यमंत्री होते. ते स्वतः प्रसूतिशास्त्रांत मुरलेले डॉक्टर. पुढें १९९४ ते २००४ पर्यंत ते त्या देशाचे पंतप्रधानहि होते. त्यांच्या कारकीर्दींत, १९८४ सालीं, एक धाडसी अभ्यासक्रम सुरू झाला. खेड्यांत कांहीं वर्षें काम केलेले अनुभवी परिचारक व वैद्यकीय साहाय्यक निवडावयाचे आणि त्यांना तीन वर्षांत तांतडीची शस्त्रक्रिया शिकवावयाची, अशी ही योजना. पहिलीं दोन वर्षें मापुतोच्या मध्यवर्ती रुग्णालयांत व्याख्यानें व प्रत्यक्ष काम, तिसरें वर्ष एखाद्या प्रांतिक रुग्णालयांत जाणत्या शल्यज्ञाच्या नजरेखालीं. या शिकून बाहेर पडलेल्या मंडळींस पोर्तुगीज भाषेंत ‘तेक्निको द सिरुर्जिया’ म्हणतात. आपण त्यांना शल्यतंत्रज्ञ म्हणूं.

या शिक्षणांत काय काय येतें, हें थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. कारण परीक्षेस बसणाऱ्याचा अभ्यास आणि टेबलाजवळ उभ्या राहणाऱ्याचा अभ्यास यांत अंतर आहे.

शहरांतील शिकाऊ डॉक्टर ज्या सिझेरियन पाहतो त्यांतल्या पुष्कळ ठरवून केलेल्या असतात. आई धडधाकट, मूल जिवंत, कळा नुकत्याच सुरू झालेल्या. खेड्यांतील रुग्णालयांत येणारी बाई मात्र दोन-दोन दिवस कळा देऊन आलेली असते. मुलाचें डोकें कमरेच्या हाडांत पाचरीसारखें रुतलेलें असतें. गर्भाशयाचा खालचा भाग ताणून कागदासारखा पातळ झालेला असतो, मूत्राशय सुजून वर ओढला गेलेला असतो. अशा वेळीं नेहमींच्या जागीं चीर दिली तर ती मूत्राशयांत जाण्याचें भय. आणि डोकें ओढून काढतांना चीर बाजूस फाटली तर गर्भाशयाची मोठी रक्तवाहिनी तुटण्याचें भय. ज्याला आपण कमी शिकलेला म्हणतों, त्याच्या वांट्यास सर्वांत अवघड रोगी येतात, ही यांतील खरी मेख होय. म्हणून सरळ सिझेरियन शंभर वेळां करून घेतली म्हणजे शिक्षण झालें, असें मानतां येत नाहीं. रुतलेलें डोकें खालून हळूच वर लोटवावें कसें, तें न जमल्यास मुलाचे पाय धरून त्याला उलट बाहेर काढावें कसें, फाटलेला गर्भाशय शिवावा केव्हां आणि काढून टाकावा केव्हां, ओतून जाणारें रक्त थांबवावयास आधीं काय करावें व नंतर काय, या गोष्टी त्याला गुरूच्या डोळ्यांसमोर करावयास मिळाल्या पाहिजेत.

रक्त थांबविण्याच्या बाबतींत एक उदाहरण देतों. सिएरा लिओन देशांत जन्मलेले व इंग्लंडांत काम केलेले शल्यज्ञ क्रिस्टोफर बी-लिंच यांनीं १९९७ सालीं गर्भाशयास बाहेरून घालावयाच्या एका टांक्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. पाटलोणीचे खांद्यावरून घेतलेले पट्टे असतात ना, तसा हा दोरा ढिल्या पडलेल्या गर्भाशयावरून जातो आणि त्याला आंवळून धरतो. याला लागतो एक लांब दोरा व एक सुई. आणि गर्भाशय काढून टाकण्याची वेळ कित्येकदां टळते. अशी युक्ति पुस्तकांत वाचून येत नाहीं. रबराच्या अगर कापडाच्या नमुन्यावर ती दहा वेळां घालून पाहिली म्हणजे मग रात्रीं दोन वाजतां, कंदिलाच्या उजेडांतहि, हात चुकत नाहीं.

आणि एक गोष्ट सुरी हातीं देण्यापूर्वीं शिकवावी लागते. ती म्हणजे सुरी न चालविणें. कळांचा आलेख ठेवून बाळंतपण पुढें सरकतें आहे कीं अडलें आहे हें ओळखणें, थोड्या मदतीनें सुटका होण्यासारखी असेल तर पोकळीच्या पेल्यानें मूल ओढून घेणें, हेंहि शल्यविद्येचेंच अंग आहे. आपल्याकडे हा धडा विसरला जात आहे असें मला वाटतें. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें भारतांत शेंकडा २१.५ बाळंतपणें सिझेरियननें झालीं. खासगी रुग्णालयांत तर हें प्रमाण शेंकडा ४७.४ होतें. एकीकडे सुरीवांचून बायका मरतात, दुसरीकडे कारणावांचून सुरी चालते. आणि दोहोंकडे उणीव आहे ती विवेकी शिक्षणाचीच.

मोझांबिकच्या या प्रयोगावर टीका झाली नसती तरच नवल. टीका दोन बाजूंनीं आली. डॉक्टरांचा वर्ग म्हणाला, ज्यानें शरीरशास्त्राचा पुरा अभ्यास केलेला नाहीं त्याच्या हातीं सुरी देणें म्हणजे माणसांशीं खेळ करणें होय. दुसरी टीका अधिक टोंचणारी होती. ती अशी कीं, शहरांतील श्रीमंत बाईस पदवीधर शल्यज्ञ आणि रानांतील गरीब बाईस परिचारकांतून घडविलेला शल्यज्ञ, हा कोणता न्याय? या दुसऱ्या आक्षेपास उत्तर देणें सोपें नाहीं, आणि तो करणाऱ्यांचें मन शुद्ध आहे हें मी मान्य करतों. परंतु रानांतील बाईसमोर त्या रात्रीं दोन शल्यज्ञ उभे नसतात. एक तरी असतो अगर एकहि नसतो. तुलना करावयाची ती या दोन स्थितींची.

पहिल्या आक्षेपाची परीक्षा मात्र आंकड्यांनीं करतां येते व ती करण्यांत आली आहे. मापुतोच्या त्याच मध्यवर्ती रुग्णालयांत झालेल्या २,०७१ सिझेरियन शस्त्रक्रियांची तुलना १९९६ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांपैकीं ९५८ शल्यतंत्रज्ञांनीं केल्या होत्या व १,११३ प्रसूतिशास्त्रज्ञ डॉक्टरांनीं. आई व मूल यांच्या जिवाच्या दृष्टीनें दोहोंत महत्त्वाचा फरक आढळला नाहीं. वरवरची जखम उसवण्याचें प्रमाण तेवढें शल्यतंत्रज्ञांच्या रोग्यांत किंचित् अधिक होतें. पुढें २००२ सालच्या नोंदी तपासल्या, तेव्हां १२,१७८ प्रसूतिविषयक शस्त्रक्रियांपैकीं शेंकडा ५७ शल्यतंत्रज्ञांच्या हातून झाल्याचें दिसून आलें. आणि जिल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयांपुरतें पाहिलें तर शेंकडा ९२! म्हणजे खेड्यांत हे लोक डॉक्टरांच्या मदतीस होते असें नव्हे. खेड्यांत शल्यज्ञ म्हणून जें कांहीं होतें तें हेंच लोक होते.

त्याच पाहणींतील दुसरा आंकडा मला अधिक बोलका वाटतो. जिल्ह्यांतील रुग्णालयांत नेमलेल्या ३४ डॉक्टरांचा आणि ५९ शल्यतंत्रज्ञांचा सात वर्षांनंतर शोध घेतला. शल्यतंत्रज्ञांपैकीं शेंकडा ८८ जिल्ह्यांतच काम करीत होते. डॉक्टरांपैकीं एकहि उरला नव्हता. खर्चाचाहि हिशेब झाला: शिक्षण व पगार धरून तीस वर्षांच्या कारकीर्दींत एका शस्त्रक्रियेमागें शल्यतंत्रज्ञास सुमारें ३९ डॉलर आणि शल्यज्ञ डॉक्टरास सुमारें १४४ डॉलर पडतात.

हे लोक खेड्यांत टिकले याचें सारें श्रेय सेवाभावास देऊन मोकळें होणें बरें दिसणार नाहीं. त्यांची पदवी देशाबाहेर चालत नव्हती, शहरांत तिला किंमत नव्हती, जाणार कोठें? कांहीं जण मूळचेच ग्रामीण भागांतले, हें खरें. पण ज्याच्यावांचून जिल्ह्याचें शस्त्रक्रियागृह बंद पडेल, त्याला पगारांत व मानांत मागें ठेवावयाचें, आणि तो जात नाहीं म्हणून योजना यशस्वी झाली म्हणावयाचें, यांत कोठेंतरी अन्याय आहे. गोव्याच्या शाळेंतून गेलेल्या त्या जुन्या डॉक्टरांची आठवण मघाशीं काढली ती याचसाठीं.

गुणदोषांविषयीं बोलतांना दोष झांकून ठेवूं नये. २०११ सालीं निरनिराळ्या देशांतील सहा अभ्यास एकत्र करून १६,०१८ सिझेरियन शस्त्रक्रियांचा विचार करण्यांत आला. डॉक्टर नसलेल्या शल्यकर्मींच्या व डॉक्टरांच्या रोग्यांत, आयांच्या मृत्यूंत अगर नवजात मुलांच्या मृत्यूंत, निश्चित म्हणतां येईल असा फरक निघाला नाहीं. परंतु जखमेंत पू होणें व जखम उसवणें या दोन गोष्टी डॉक्टर नसलेल्यांच्या हातीं स्पष्टपणें अधिक दिसल्या. शिवाय चिठ्ठ्या टाकून रोगी वांटलेले नव्हते. म्हणून अशा तुलनेवर फार मोठी इमारत उभारूं नये, हेंहि खरें. माझ्या मतें यावरून शिक्षणाची दिशा कळते. पोट उघडणें त्यांना येतें. पोट नीट मिटविणें, रक्ताचा बारीक पाझरहि थांबवून मगच कातडी शिवणें, हात घांसून धुणें, जंतुघ्न औषध चीर देण्यापूर्वींच टोंचून घेणें, या निगुतीच्या गोष्टींवर गुरूंनीं अधिक भर द्यावयास पाहिजे. आणि निगुतीचा विषय निघाला कीं परिचारिकेची आठवण होतेच.

शस्त्रक्रिया म्हटली कीं आपल्या डोळ्यांसमोर एकटा शल्यज्ञ उभा राहतो. वास्तविक टेबलाभोंवतीं तीन-चार माणसें असतात, आणि बाळंतिणीचा जीव त्या सर्वांच्या हातीं असतो. शस्त्रक्रियेपूर्वीं नळी घालून मूत्राशय रिकामा करते ती परिचारिका. गॉजच्या घड्या मोजून देते व पोट शिवण्यापूर्वीं मोजून परत घेते ती परिचारिका. एक घडी कमी भरली आणि शल्यज्ञ म्हणाला, “असूं द्या, खालीं पडली असेल,” तर “नाहीं, आधीं शोधूं,” असें म्हणण्याचा अधिकार तिला असला पाहिजे, आणि तें म्हणण्याचें धैर्य तिला शिक्षणांतच मिळालें पाहिजे. आपल्या समाजांत हें किती अवघड आहे तें सांगावयास नको. जेथें डॉक्टरसाहेबांसमोर मान वर करून बोलणें हाच उद्धटपणा समजला जातो, तेथें मोजदाद बरोबर असूनहि घडी पोटांत राहूं शकते.

जागतिक आरोग्य संघटनेनें २००८ सालीं शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेची जी यादी तयार केली, तिचें मर्म हेंच आहे. भूल देण्यापूर्वीं, चीर देण्यापूर्वीं आणि रोगी टेबलावरून हलविण्यापूर्वीं असें तीनदां थांबावयाचें आणि ठरलेले प्रश्न मोठ्यानें विचारावयाचे: रोगी तीच का? औषध दिलें का? रक्ताची सोय आहे का? मोजदाद जुळली का? आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहण्यांत आली. त्यांत आपली दिल्ली होती, तशीच टांझानियांतील इफाकारा हें लहानसें गांवहि होतें. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें सर्व प्रकारच्या शस्त्रक्रियांत मिळून मृत्यूंचें प्रमाण शेंकडा १.५ वरून ०.८ वर आलें, आणि इतर उपद्रव शेंकडा ११ वरून ७ वर. कागदाच्या एका पानानें हें घडलें असें मानण्याचें मात्र कारण नाहीं. नुसत्या खुणा करून फाइलींत लावलेली यादी कोणाचाच जीव वांचवीत नाहीं; ती वाचली जाते तेव्हां सगळेजण थांबून ऐकतात, यांत तिचें सामर्थ्य आहे.

रक्त मोजण्याची गोष्ट अशीच. बाळंतपणांत किती रक्त गेलें हें आपण डोळ्यांनीं अजमावतों आणि बहुधा कमी धरतों. चादरींत मुरलेलें रक्त दिसत नाहीं. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया या देशांतील ८० रुग्णालयांत नैसर्गिक बाळंतपणांच्या बाबतींत असा प्रयोग झाला कीं, बाईच्या खालीं मापाच्या रेघा असलेली पिशवी लावावयाची, आणि ठराविक रेघेवर रक्त आलें कीं ठरलेले सर्व उपचार एकदम सुरू करावयाचे. २०२३ सालीं याचा निकाल प्रसिद्ध झाला. जीवघेणा रक्तस्राव, त्यासाठीं करावी लागणारी मोठी शस्त्रक्रिया अगर मृत्यु, यांचें एकत्रित प्रमाण शेंकडा ४.३ च्या ठिकाणीं १.६ झालें. हें काम मुख्यतः सुइणींचें व परिचारिकांचें होतें. सिझेरियननंतरच्या पहिल्या दोन तासांत नाडी, रक्तदाब आणि पोटावर हात ठेवून गर्भाशयाचा घट्टपणा वारंवार पाहणारी परिचारिका नसेल, तर टेबलावर मिळविलेलें यश खाटेवर गमावण्यास वेळ लागत नाहीं.

भुलेविषयीं मी थोडक्यांत बोलतों, तरी विषय थोडका नाहीं. गरीब व मध्यम स्थितींतील देशांत सिझेरियननंतर होणाऱ्या आयांच्या मृत्यूंपैकीं सुमारें सातांत एक भुलेमुळें होतो, असें २०१६ सालच्या एका अभ्यासांत दिसून आलें. पूर्ण बेशुद्धीची भूल दिलेल्या बाईच्या पोटांतलें अन्न घशांत येऊन श्वास कोंडतो. पाठीच्या कण्यांत भूल टोंचली तर रक्तदाब झपाट्यानें उतरतो. दोन्ही गोष्टी निस्तरतां येतात, पण त्या ओळखणारें माणूस तिच्या उशाशीं सतत बसलेलें असावें लागतें. कित्येक लहान रुग्णालयांत शस्त्रक्रिया करणाराच भूल टोंचतो आणि मग हात धुऊन पोटाकडे वळतो. ही रीत जेथें असेल तेथें बंद झाली पाहिजे असें मला स्पष्टपणें सांगावेंसें वाटतें.

आपल्या देशांतहि या दिशेनें पावलें पडलीं आहेत. साध्या एम. बी. बी. एस. डॉक्टरांना १८ आठवडे भुलेचें व १६ आठवडे तांतडीच्या प्रसूतिशस्त्रक्रियेचें शिक्षण देऊन तालुक्याच्या रुग्णालयांत पाठविण्याची योजना या शतकाच्या पहिल्या दशकांत सुरू झाली. हेतु उत्तम. परंतु शिकून गेलेले सर्वच डॉक्टर पुढें शस्त्रक्रिया करीत नाहींत असें पाहणींत आढळलें, आणि त्याचें कारण शोधावयास फार लांब जावें लागत नाहीं. शस्त्रक्रिया शिकलेला एका गांवीं, भूल शिकलेला दुसऱ्या गांवीं, रक्ताची पेढी तिसऱ्या गांवीं, अशी वांटणी झाली तर तिघेहि रिकामे बसतात. आणि सहा महिने सुरी हातीं न धरलेला मनुष्य सातव्या महिन्यांत ती धरावयास भितो. त्याचें भिणें योग्यच आहे.

म्हणून माझी सूचना अशी कीं, शिक्षण माणसांना न देतां जोडीला द्यावें. किंबहुना चौकडीला द्यावें. ज्या रुग्णालयांत पुढें काम करावयाचें तेथीलच शस्त्रक्रिया करणारा, भूल देणारा, हत्यारें देणारी परिचारिका व बाळंतिणींच्या कक्षांतील परिचारिका या चौघांनीं मोठ्या रुग्णालयांत एकत्र शिकावें, आणि एकत्र परत जावें. गेल्यावर पहिले कांहीं महिने गुरूनें त्यांच्या रुग्णालयांत येऊन त्यांच्याच टेबलाशीं उभें राहावें. शहरांतील दिव्यांखालीं शिकलेला हात गांवच्या दिव्यांखालीं कसा चालतो हें तेथेंच कळतें. महिन्यांतून एकदां चौघांनीं मिळून नोंदवही उघडावी आणि बिघडलेल्या प्रत्येक शस्त्रक्रियेचा विचार करावा, कोणावर ठपका ठेवण्यासाठीं नव्हे, तर कोणत्या क्षणीं काय निराळें करतां आलें असतें हें ठरविण्यासाठीं. ठपक्याच्या भीतीनें लिहिलेल्या नोंदवहींत सगळ्या जखमा पहिल्या दिवसापासून कोरड्याच असतात.

एवढें झाल्यावर या चौघांपैकीं एकाची बदली होते, आणि शस्त्रक्रियागृहाला कुलूप लागतें. बदलीचा हुकूम काढणारा अधिकारी दुष्ट नसतो. त्याच्या कागदावर एका जागेचा एक मनुष्य दुसऱ्या जागीं जातो, इतकेंच दिसतें. सही करण्यापूर्वीं त्यानें त्या रुग्णालयाची नोंदवही मागवावी, आणि गेल्या वर्षीं त्या टेबलावर किती बायकांची सुटका झाली त्या रकान्याची बेरीज स्वतः करून पाहावी.